दुखतंय कुठे आणि बिघडलंय कुठे?

फाईल ठेव खाली. आधी मला सांग, इतके महिने उजव्या बरगडीखाली दुखत असताना तू नेमकं काय केलंस? राहू दे, मीच सांगते. सुरुवातीला केमिस्टला विचारून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्यास. मग ऑफिसातल्या कुणीतरी ‘गॅस असेल’ म्हटलं, म्हणून ओवा आणि हिंग. मग कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफी झाली, कागदावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असं छापून आलं आणि तुला हायसं वाटलं. दुखण्याला नाव मिळालं ना! त्या दिवसापासून तू दुखण्याचा शोध थांबवलास. आणि आता दुखणं जरा कमी झालंय, तर लिव्हरचाही विचार सोडून दिलास. एका कागदावरून दोन घोडचुका केल्यास. माझ्या वर्गात जीवशास्त्र शिकलेल्या मुलाने या कराव्यात, याचा मला राग आलाय.

नीट ऐक. दुखणं हा एक प्रश्न आहे आणि यकृतातली चरबी हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकच असेल असं तुला कुणी सांगितलं?

यकृताच्या आतल्या पेशींच्या भागाला वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. तिथे चरबी साठते, सूज येते, पुढे टणक तंतू तयार होतात, आणि हे सगळं होत असताना यकृत हूं की चूं करत नाही. वेदना कळते ती त्याच्यावरच्या पातळ आवरणाला. फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने 1654 साली यकृतावर ग्रंथ लिहिला, त्याच्याच नावाने हे आवरण ओळखलं जातं. यकृत मोठं झालं की आवरण ताणलं जातं आणि बरगड्यांखाली जडपणा किंवा बोथट ठणका जाणवू शकतो. फॅटी लिव्हर असलेल्या काहींना तो जाणवतोही. पण बहुतेकांना काहीच होत नाही. म्हणून तर हा आजार दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत सापडतो.

आता तू स्वतः काय वर्णन केलंस ते आठव. रात्री जड जेवण झालं की तासा-दोन तासांनी कळ सुरू होते, चांगली तासभर राहते, उजव्या खांद्याच्या पात्यामागे जाते आणि मळमळतं. याला बोथट जडपणा म्हणतात का? कुठलाही डॉक्टर हे ऐकून आधी पित्ताशयाचा विचार करेल. तेलकट-तुपकट खाल्लं की पित्ताशय आकुंचन पावतं. त्याच्या तोंडाशी खडा अडकलेला असेल तर कळ येते. ती अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते आणि खडा सुटला की आपोआप जाते. ‘आपोआप कमी झालं’ म्हणून तू खूश आहेस ना? खड्याचं दुखणं असंच येतं आणि असंच जातं.

“पण सोनोग्राफीत खडा दिसला नाही,” असं म्हणू नकोस. सोनोग्राफीला जाण्याआधी काय खाल्लं होतंस? चहा आणि बिस्किटं! सहा-आठ तास उपाशी राहून यायला का सांगतात माहीत आहे? काही खाल्लं-प्यायलं की पित्ताशय आकसतं, आणि आकसलेल्या पित्ताशयातले खडे नीट दिसत नाहीत. हे बघ, तुझ्याच रिपोर्टमध्ये लिहिलंय की पित्ताशय पुरेसं भरलेलं नव्हतं. ही ओळ तू वाचलीच नाहीस. शेवटचं ‘फॅटी लिव्हर’ तेवढं वाचून फाईल मिटलीस. शाळेतही तू उताऱ्याची शेवटची ओळ वाचूनच उत्तर लिहायचास.

आता लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. उपाशीपोटी पुन्हा सोनोग्राफी केलीस आणि खडा दिसला, तरी ऑपरेशनच करायला हवं असं नसतं. कितीतरी लोकांच्या पित्ताशयात खडे निमूटपणे पडून असतात, त्यांना आयुष्यभर हात लावावा लागत नाही. खडा आणि दुखणं यांचा मेळ बसतो का, हे सर्जनला तुझी हकीकत ऐकून ठरवावं लागतं. आणि हकीकत तुला धड सांगता येत नाही, कारण तू काही टिपून ठेवलेलंच नाहीस.

बरगडीखाली केवळ यकृत आणि पित्ताशय असतात असंही समजू नकोस. तिथे मोठ्या आतड्याचं वळण आहे, तिथे वायू अडकला किंवा बद्धकोष्ठ असलं की दुखतं, आणि शौचाला झालं की बरं वाटतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असेल तर पोटाच्या मध्यावर, छातीच्या हाडाखाली जळजळतं. मुतखड्याची कळ पाठीकडून जांघेकडे उतरते. फुप्फुसाच्या आवरणाला सूज असली तर खोल श्वास घेताना टोचतं. नागीण उठण्याआधी काही दिवस बरगडीच्या रेषेत आग होते आणि त्वचेवर काहीच दिसत नाही. आणि पुष्कळ वेळा दुखणारी गोष्ट पोटाच्या आत नसतेच. स्नायूत उसण भरलेली असते, बरगडीचा कूर्चेचा सांधा सुजलेला असतो, किंवा पोटाच्या भिंतीतली एखादी नस चिमटलेली असते.

त्यासाठी डॉक्टरांची एक साधी तपासणी आहे. तुला उताणं झोपवतात, दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात आणि मान-खांदे उचलायला सांगतात. पोटाचे स्नायू कडक झाल्यावर दुखणं तसंच राहिलं किंवा वाढलं, तर दोष भिंतीत असण्याचा संभव जास्त. कमी झालं, तर आत बघायचं. याला ना मशीन लागतं ना पैसे. फक्त रुग्णाने डॉक्टरांसमोर जाऊन झोपावं लागतं. तू मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो पाठवून निदान मागत होतास!

काही खुणा अशा आहेत की त्यांच्यासाठी वहीत टिपत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी गडद किंवा शौच पांढुरकी झाली, थंडी वाजून ताप आला, कळ सहा तासांनंतरही थांबेना, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, विनाकारण वजन उतरायला लागलं. ताप आणि बरगडीखाली ठणका हे एकत्र असेल तर आपल्याकडे यकृतातल्या गळवाचाही विचार करावा लागतो. आमांशाच्या जंतूंमुळे ते होतं आणि वेळेवर औषध मिळालं तर बरं होतं. आणि छातीच्या हाडाखाली दाबल्यासारखं होऊन घाम सुटला, धाप लागली, तर सोडा पिऊन वाट बघायची नाही. हृदयविकाराच्या झटक्यात पोटाच्या वरच्या भागातही दुखू शकतं. अ‍ॅसिडिटी समजून घरी बसण्याची किंमत घरच्यांना मोजावी लागते.

दुखण्याचं झालं. आता चरबीकडे वळू, कारण तिथे तुझा गाढवपणा आणखी मोठा आहे.

“बाई, फक्त ग्रेड वन आहे,” असं तू म्हणालास. त्या ‘फक्त’चा अर्थ काय? सोनोग्राफीतली ग्रेड म्हणजे यकृत पडद्यावर किती पांढरं दिसतं, त्याचा अंदाज. त्यावरून चरबी किती हे ढोबळमानाने कळतं. यकृत किती टणक झालंय, म्हणजे फायब्रोसिस किती, हे त्यातून कळत नाही. भिंतीचा रंग बघून आतलं लोखंड गंजलंय का ते सांगता येतं का? आणि पुढचं सगळं भवितव्य ठरतं ते फायब्रोसिसवर. ग्रेड वनवाल्याचं यकृत टणक असू शकतं आणि ग्रेड टूवाल्याचं मऊ. रक्ततपासणीतली एसजीपीटी-एसजीओटी ही यकृताची एन्झाइम्स नॉर्मल आली म्हणजे सुटलो, हेही खरं नाही.

मग कसं कळणार? पेन घे, गणित घालते. वय गुणिले एसजीओटी, हे वर लिही. खाली प्लेटलेट्स हजारांत, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. याला फिब-फोर म्हणतात. तुझं वय 45, एसजीओटी 40, एसजीपीटी 64, प्लेटलेट्स अडीच लाख, म्हणजे 250. 64 चं वर्गमूळ 8. वर 1800, खाली 2000. उत्तर 0.9. हे 1.3 च्या खाली असलं तर यकृत बरंच टणक झालेलं असण्याची शक्यता कमी. आता दुसरा माणूस घे. वय 58, एसजीओटी 60, एसजीपीटी 49, प्लेटलेट्स दीड लाख. वर 3480, खाली 1050. उत्तर 3.3. 2.67 च्या वर गेला, म्हणजे यकृततज्ज्ञाकडे जायलाच हवं. या माणसाचा सोनोग्राफी रिपोर्टही तुझ्यासारखाच ‘ग्रेड वन’ असू शकतो, आणि एसजीपीटी तर तुझ्यापेक्षा कमी आहे! उत्तर मधलं आलं तर फायब्रोस्कॅन करतात. त्यात यकृताचा ताठपणा किलोपास्कलमध्ये मोजतात, आणि तो 8 च्या खाली असला तर सहसा निर्धास्त राहता येतं. पस्तिशीच्या आत हे गणित फारसं भरवशाचं नाही, आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा 1.3 ऐवजी 2 धरतात. लागणारे सगळे आकडे तुझ्याच फाईलमध्ये होते. तू ते एकत्र मांडले नाहीस.

तुझी पुढची सबब मला पाठ आहे. “मी दारू पीत नाही आणि मी जाडही नाही.” दारू न पिणाऱ्यांच्या यकृतात दारुड्यासारखेच बदल दिसतात, हे 1980 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग आणि सहकाऱ्यांनी 20 रुग्णांवरून मांडलं. म्हणजे ही बातमी तुझ्या जन्माच्या सुमाराची आहे. 2023 मध्ये तर या आजाराचं नावच बदललं. आता त्याचं नाव चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं आहे. पोटाचा घेर, रक्तातली साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराईड आणि चांगलं कोलेस्टेरॉल या पाचांपैकी एकाचंही गणित बिघडलेलं असलं, आणि यकृतातल्या चरबीला दुसरं कारण नसलं, तर हे नाव लागू होतं. दुसरं कारण नाही हे बघण्यासाठी हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या करायच्या असतात. त्या तू केल्या नाहीस. आणि शनिवारच्या पार्टीतली दारू ‘पीत नाही’मध्ये धरतोस की ‘पितो’मध्ये, ते डॉक्टरांना खरं सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

जाड नाहीस म्हणे! पुण्यात राहतोस आणि पुण्यातल्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम तुला माहीत नाही? 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीने भरलेला, असा आपला भारतीय बांधा आहे. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेघ 23 वर ओढतात, पाश्चात्त्यांसारखी 25 वर नाही. पुरुषाच्या पोटाचा घेर 90 सेंटिमीटर आणि बाईचा 80 यापुढे गेला की धोका सुरू होतो. तुझा किती आहे? मोजला नाहीस. पॅन्टच्या लेबलवरचा आकडा सांगू नकोस. पॅन्ट तू पोटाच्या खाली बांधतोस. टेप बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मध्यावर धरायचा असतो.

आणि चरबी आली कुठून? तूप बंद केलंस म्हणून बायकोसमोर मिरवतोयस. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या यकृतातली चरबी कुठून आली याचा माग काढला. सुमारे 59 टक्के अंगातल्या साठलेल्या चरबीतून वाहत आलेली, 26 टक्के यकृताने साखर-पिष्टासारख्या पदार्थांपासून स्वतः तयार केलेली, आणि थेट जेवणातल्या तेला-तुपातून जेमतेम 15 टक्के. तू वरणावरचं चमचाभर तूप तेवढं काढलंस. दिवसाचे चार साखरेचे चहा तसेच, दुपारचं कोल्ड्रिंक तसंच, ‘नैसर्गिक’ म्हणून उसाचा रस तसाच, आणि उपवासाला बशी भरून साबुदाण्याची खिचडी, वर गोड लस्सी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तूप पातेलंभर खा असं मी म्हणत नाही. पण आधी साखर, मैदा, बाटलीतली आणि पाकिटातली पेयं आणि रात्री साडेदहाचं जेवण यांच्याकडे बघ. पिवळी डाळ, उसळी, भाकरी, पालेभाजी, ताक ही आपल्या घरची गोष्ट आहे, त्यासाठी परदेशातून पाकिटं मागवायला नकोत. कॉफी बिनसाखरेची घेत असशील तर खुशाल घे, ती यकृताच्या बाजूने आहे असंच बहुतेक अभ्यास सांगतात.

काढ्याचं काय सांगत होतास? लिव्हर ‘साफ’ करायला रोज सकाळी गुळवेल. यकृत साफ करावं लागत नाही. रक्तातली घाण निस्तरण्याचं काम तेच करतं. कोरोनाच्या काळात घरोघर लोक गुळवेलीचा रस प्यायले, आणि 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. त्या वादात मी पडत नाही. पण यकृत आधीच बिघडलेल्या माणसाने कुणाला न विचारता, प्रमाण न बघता, महिनोन् महिने पाला उकळून प्यावा, याला कुठलीही पॅथी शहाणपण म्हणणार नाही. जे घेत असशील ते डॉक्टरांना सांगायचं, ‘ते तर घरगुती आहे’ म्हणून लपवायचं नाही.

आणि ज्या गोळीची खरी गरज होती ती मात्र बंद केलीस! कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी ‘लिव्हरवर परिणाम होतो’ म्हणून स्वतःच्या मनाने सोडलीस. अरे, फॅटी लिव्हर असलेली माणसं सर्वांत जास्त दगावतात ती हृदयविकाराने, यकृताच्या आजाराने नव्हे. फॅटी लिव्हर हे स्टॅटिन बंद करण्याचं कारण नाही. उलट अशा माणसाला तिची गरज जास्त असते. उद्याच डॉक्टरांना फोन कर आणि काय केलंस ते सांग.

उपाय तुला नवीन नाही, म्हणूनच तो तुला आवडत नाही. वजन. तू 80 किलोचा आहेस. 5 टक्के, म्हणजे 4 किलो उतरले की यकृतातली चरबी कमी व्हायला लागते. 7 टक्के, म्हणजे साडेपाच किलोंच्या पुढे गेलास की सूजही उतरते. 10 टक्के, म्हणजे 8 किलो उतरवलेस, तर साठलेले तंतूदेखील मागे हटू शकतात. इतकं स्वतःला दुरुस्त करणारा अवयव तुला फुकट मिळालाय. नवी औषधं येताहेत. अमेरिकेत 2024 मध्ये पहिल्यांदा या आजारासाठीच्या गोळीला मान्यता मिळाली. पण ती मध्यम ते बरंच फायब्रोसिस झालेल्यांसाठी, आणि तीही आहार-व्यायामाच्या जोडीनेच घ्यायची. तुझ्या आकड्यांवरून तुला आज तिची गरज दिसत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालायची गरज आहे. वजनाचा काटा हलला नाही तरी चालण्याने यकृतातली चरबी कमी होते, तेव्हा ‘फरक पडत नाही’ म्हणून आठ दिवसांत बूट कोपऱ्यात टाकायचे नाहीत.

आणि आता जोशात येऊन क्रॅश डाएट करायचं नाही. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरवलंस तर पित्तात खडे होण्याचा धोका वाढतो. तुझी कळ पित्ताशयाची निघाली, तर घाईने वजन उतरवून तीच वाढवून घेशील. म्हणून आधी उपाशीपोटी नीट सोनोग्राफी, मग वजन, तेही महिन्याला दोन-तीन किलोंच्या बेताने. दोन प्रश्न वेगळे आहेत असं मी म्हटलं, पण शरीर एकच आहे, हे विसरू नकोस.

आता लिहून घे. या आठवड्यात डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटायचं, पोट दाबून तपासून घ्यायचं. सोनोग्राफी पुन्हा, उपाशीपोटी. दुखलं की वहीत टिपायचं: किती वाजता, काय खाल्लं होतं, किती वेळ दुखलं, कुठे सरकलं, कशाने थांबलं. रक्ताच्या तपासण्यांत साखर, लिपिड आणि हिपॅटायटिस बी-सी. घरी टेपने पोटाचा घेर. काढा बंद, स्टॅटिनबद्दल विचारणा, चहातली साखर बंद. वर्षभराने हेच आकडे पुन्हा काढून आजच्या आकड्यांशेजारी मांडायचे.

डॉक्टरांनी दुखण्याचं कारण शोधलं आणि ते गेलं, तर चांगलंच आहे. पण त्या दिवशी चालणं सोडलंस तर तुझ्याएवढा मूर्ख तूच. यकृत तुला दुखून सांगणार नाही, आणि मीही दुसऱ्यांदा सांगणार नाही.